जन्मदेश यादीत नाही

ऑफिसात नवीन माणूस आला की ते पहिल्याच आठवड्यात त्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "तुझी आजी शिव्या कुठल्या भाषेत द्यायची?"

नाव-गाव, शिक्षण, कुठल्या टीममध्ये आलास, यातलं काही नाही. इंग्रज पोरं गोंधळून हसायची. एका वेल्श मुलीने मात्र ताडकन उत्तर दिलं होतं, आणि मग ती दोघं कॅन्टीनमध्ये तासभर बसली होती. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "घरात मराठीत. बाजारात कन्नडमध्ये."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे तू सीमेवरची."

मी निपाणीची. आईचं माहेर कागल. मधे दूधगंगा आणि तिच्यावरचा पूल. पुलाच्या अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र. आमच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो आणि तो वाचून घ्यायला आजोबा दुसऱ्याच्या दारात जायचे. हे सगळं मी पुण्याच्या कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं, तिथे कुणी विचारलंही नव्हतं. मिल्टन कीन्समध्ये, पेन्शनचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत, कॅमेरूनमधल्या एका साठीच्या टेस्टरने ते एका प्रश्नात काढून घेतलं.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची ही गोष्ट. मी वर्क परमिटवर नुकतीच आले होते. आमचा मॅनेजर शुक्रवारी अर्ध्या चड्डीत यायचा. हे गृहस्थ रोज थ्री-पीस सुटात. गाडी नव्हती. त्या शहरात गाडी नसलेला माणूस म्हणजे विद्यार्थी, नाहीतर दारूपायी लायसन्स गमावलेला. हे दोन्ही नव्हते. सायकलवाल्यांसाठी केलेल्या लाल रेडवेवरून ते तीन मैल चालत यायचे, पावसात, बर्फात, आणि नऊला पाच मिनिटं असताना बूट पुसत दारात उभे असायचे.

टीममधली पोरं त्यांना लाडाने 'चीफ' म्हणायची. एकदा त्यांनी शांतपणे सगळ्यांना समजावून सांगितलं. "आमच्या गावात चीफ नव्हता. कधीच नव्हता. म्हातारे एकत्र बसायचे आणि भांडत भांडत ठरवायचे. जर्मन आले. त्यांना कराच्या कागदावर अंगठा घ्यायला एकच माणूस हवा होता. त्या दिवशी जो रिकामा बसला होता, त्याला त्यांनी चीफ केलं. त्याचे नातू अजून चीफ आहेत. माझे आजोबा त्या दिवशी शेतावर कामाला गेले होते. म्हणून मला चीफ म्हणू नका, मी कामकऱ्याच्या घरचा आहे."

पोरांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चीफ म्हणायला लागली.

मी सवयीने 'सर' म्हणायचे. तेही त्यांना चाललं नाही. "या शब्दासाठी तुझ्या आणि माझ्या वाडवडिलांनी पुरेसा मार खाल्लाय," म्हणाले. मग काय म्हणू? त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला 'पा' म्हणतात. मी 'पा' म्हणायला लागले. निपाणीत वडीलधाऱ्याला नावाने हाक मारायला जीभच वळत नाही, त्यामुळे माझी सोय झाली.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदाचा जन्मदेश निवडायची एक यादी होती. ती माझ्याकडे होती. आल्या आल्या नवख्या माणसाला देतात तसलं काम: जगातल्या देशांची अधिकृत यादी घ्यायची आणि स्क्रीनवर दिसेल अशी करायची. पांनी ती तपासली आणि माझ्या नावावर बग टाकला. 'यादीत ब्रिटिश कॅमेरून्स नाही. योजनेचा एक सभासद तिथे जन्मलेला आहे. गंभीरता: उच्च.'

मी उत्तर लिहिलं, 'बग नाही. असा देश अस्तित्वात नाही.' आणि बंद केला.

त्यांनी तो पुन्हा उघडला. 'सभासद अस्तित्वात आहे.'

दर रिलीजला हे चालायचं. मॅनेजरने आधी चेष्टा केली, मग कपाळाला आठ्या घातल्या, मग मला सांगितलं की तूच काय ते त्यांना समजाव. मी चहाचा कप घेऊन गेले.

"पा, नुसतं कॅमेरून निवडा ना. सगळे निवडतात."

"मी जन्मलो तेव्हा त्या नावाचा देश नव्हता. जर्मन पहिलं महायुद्ध हरले, तेव्हा त्यांचा माल दोघांनी वाटून घेतला. मोठा तुकडा फ्रेंचांचा, लहान इंग्रजांचा. दोन साहेब, एक टेबल, एक पेन्सिल. आमच्याकडे नकाशात नदी दिसली, तिच्यावरून रेघ ओढली. नदीला काय, ती आधीही वाहत होती, नंतरही वाहत राहिली. आम्हाला मात्र आजोळी जायला पास लागायला लागला."

मग त्यांनी घरची हकिकत सांगितली. वडिलांचं घर नदीच्या अलीकडे, आईचं माहेर पलीकडे. पहिल्या बाळंतपणाला आई माहेरी गेली, आमच्याकडे जातात तशीच, आणि तिथे मुलगी झाली. ती आजीपाशीच राहिली, तिथेच शाळेत गेली, तिथेच लग्न झालं. तिची मुलंबाळं फ्रेंचमध्ये हिशेब करतात आणि फ्रेंचमध्ये प्रार्थना म्हणतात. दुसऱ्या खेपेला नदीला पूर होता. आईला पलीकडे जाता आलं नाही, आणि पा अलीकडच्या मिशन हॉस्पिटलमध्ये जन्मले.

"पाणी दोन दिवस आधी उतरलं असतं," ते म्हणाले, "तर मी आज पॅरिसमध्ये कुणाचं तरी सॉफ्टवेअर तपासत असतो."

पुढे इंग्रज जायला निघाले तेव्हा मत घेतलं. दोन पेट्या ठेवल्या होत्या: या शेजाऱ्यात जायचं की त्या शेजाऱ्यात. पांचे वडील मतदानाला गेले आणि त्यांनी तिथल्या साहेबाला विचारलं, तिसरी पेटी कुठाय? आमची? साहेब म्हणाला, तशी सोय नाही. वडील मत न देताच परत आले आणि मरेपर्यंत अभिमानाने ते सांगत राहिले. पांना त्या गोष्टीचा अभिमान होता की राग, ते मला कधी कळलं नाही.

एवढं ऐकूनही मी बग बंदच केला. यादीचा नियम नियम असतो.

माझा व्हिसा वाढवायची वेळ आली, तेव्हा मला क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसात जायचं होतं. त्यांनी न विचारता रजा टाकली. "तिथल्या रांगेचा मला तीस वर्षांचा अनुभव आहे," म्हणाले. सर्व्हेइंग शिकायला ते सत्तरच्या दशकात आले होते. स्कॉलरशिप मधेच थांबली, शिक्षण राहिलं, लग्न केलं, ते मोडलं, आणि राहिले ते राहिलेच. पहाटेच्या ट्रेनने आम्ही गेलो. फ्लास्कमध्ये चहा, डब्यात उकडलेली अंडी. रांगेत आमच्यामागे झिम्बाब्वेची एक नर्स होती. पांनी दोन मिनिटांत तिला विचारलं, "तुझ्या आईच्या जन्मदाखल्यावर कुठला देश आहे?"

ती हसली. "दक्षिण ऱ्होडेशिया."

"म्हणजे एका माणसाच्या आडनावावरून पाडलेलं नाव. लग्न न करताच तुझ्या आईला त्याने आपलं आडनाव लावलं!"

नर्स खिदळली. सिक्युरिटीवाला वळून बघायला लागला. मला लाज वाटत होती. माझे कागद बरोबर असावेत, माझ्याकडे कुणी दोनदा बघू नये, एवढंच माझं मागणं होतं. संध्याकाळी पासपोर्टवर नवा शिक्का घेऊन बाहेर पडले तेव्हा पा म्हणाले, "अभिनंदन. आता आणखी तीन वर्षं तू अस्तित्वात आहेस."

पुढच्याच वर्षी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. नोकरी सोडावी लागली. शनिवारी मी त्यांना हॉस्पिटलमध्ये सोडायचे, येताना टेस्कोतून त्यांचं सामान आणायचे. दरम्यान मी गाडी घेतली होती. राउंडअबाउटवर मी चुकीच्या लेनमध्ये शिरले की बाजूला बसून ते माझ्याऐवजी त्या शहराच्या नकाशाला शिव्या घालायचे. पूर्वी दर दोन वर्षांनी गावी जायचा बेत करायचे आणि मोडायचे. शेवटचे गेले होते ते वडिलांच्या मातीला. आता विमानात बसणंच संपलं.

एका शनिवारी गाडीत म्हणाले, "बहिणीला इकडे बोलवावं म्हणतो."

बहीण सत्तरीची. तिच्या नातवाने तिकडून अर्ज भरला. इथून यजमान म्हणून पांनी पत्र लिहिलं, टाइप करून, दोन पानी. मी म्हटलं वाचू द्या. तर म्हणाले, पोस्टातसुद्धा टाकलं.

दोन महिन्यांनी नकार आला. पत्राची भाषा सभ्य होती. अर्जदार आणि यजमान सख्खी भावंडं असल्याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटलेली नव्हती. तिचं माहेरचं आडनाव आणि यजमानाचं आडनाव वेगळं दिसतं. शिवाय यजमानाने स्वतःच्या सहीने कळवलं आहे, की आपण अर्जदाराच्या देशात जन्मलेलो नाही.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसूनच मी ते वाक्य दोनदा वाचलं. "तुम्ही असं लिहिलंत?"

"खरं तेच लिहिलं."

"पा, तिथे इतिहासाचा पेपर नव्हता! भावाला भेटायचंय, एवढंच सांगायचं होतं."

"खोटं लिहून?"

"कोण खोटं म्हणतंय? एक शब्द. सगळे लिहितात तो शब्द. तुमच्या हट्टापायी ती म्हातारी तिकडे बसलीय."

त्यांच्याशी मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. घर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. उतरताना सामानाच्या पिशव्याही घेतल्या नाहीत. त्या मी दारात ठेवून आले.

चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. अपील करायचं होतं. गावात मोफत सल्ला देणारी एक बाई होती, रिटायर्ड वकील. तिने फॉर्म पुढे केला आणि जन्मदेशाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे तिच्या फॉर्मवर आहे तेच लिहा. बाकी मी बघते." पांनी पेन उघडलं. सुटाच्या बाह्या नीट केल्या. मी दुसरीकडे बघत होते, पण पेनचा आवाज ऐकू येत होता. एकच शब्द, न थांबता. मग त्यांनी टोपण लावलं आणि विचारलं, "आणखी कुठे सही?"

सुनावणी वर्ष संपता संपता लागली, तासाभराच्या अंतरावरच्या गावात. डायलिसिसचा दिवस बदलून घेतला होता. खोली आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूमसारखीच, फक्त भिंतीवर राजचिन्ह. सर्दीने बेजार झालेले एक वयस्कर न्यायाधीश आणि सरकारच्या बाजूने एक तरुण अधिकारी. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याच्यापुढे फायलींचा ढीग होता आणि त्यातली आमची एक. त्याने मुद्दा मांडला: भावाचं आडनाव 'डब्ल्यू'ने सुरू होतं, बहिणीचं 'ओ-यू'ने. भावाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एक, बहिणीच्या दाखल्यावर दुसरंच. एका बापाची लेकरं म्हणायची कशावरून?

आमच्या वकीलबाई उठायला लागल्या. पांनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि स्वतः उभे राहिले. मला वाटलं, आता जर्मन येणार, नकाशा येणार, पेट्या येणार.

"महोदय, ती दोन नावं जरा मोठ्याने वाचाल का?"

न्यायाधीशांनी रुमालाने नाक पुसलं आणि पहिलं वाचलं. मग दुसरा दाखला उचलला. शाळेत फ्रेंच शिकलेले असावेत. 'ओ-यू'वर किंचित थांबले, ओठांचा चंबू केला आणि वाचलं.

खोलीत तोच आवाज दुसऱ्यांदा उमटला.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पुन्हा वाचले, या वेळी जलद. मग त्या तरुणाकडे बघून म्हणाले, "तुम्ही वाचून बघा." त्याने वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"कारकून वेगळे होते," पा म्हणाले. "बाप एकच." आणि खाली बसले.

आयुष्यभर ज्या विषयावर ते बोलत आले, त्यावर सरकारी माणसांसमोर बोलायची एवढी मोठी संधी त्यांना पुन्हा मिळणार नव्हती. ती त्यांनी सोडून दिली. परतीच्या वाटेवर ते गाडीत झोपून गेले.

निकाल आमच्या बाजूने लागला. तरी कागद इकडून तिकडे जायला वेळ लागलाच, आणि बहीण जूनमध्ये आली. हीथ्रोला मीच गेले होते, पांना घेऊन. काठीएवढी बारीक बाई, पांढरं डोकं, जूनच्या उन्हात जाडजूड हिवाळी कोट. मिठी वगैरे काही झालं नाही. तिने त्यांचा डावा हात धरला. डायलिसिससाठी तयार केलेली शीर तिथे दोरखंडासारखी फुगलेली असते आणि आतून सतत घुरघुरते. तिने बाही वर सरकवली, बोटांनी चाचपलं, आणि मग खाली वाकून त्या हाताला कान लावला. माणसं ट्रॉल्या ढकलत बाजूने जात होती. ती बराच वेळ ऐकत राहिली. पा तिच्या डोक्याकडे बघत होते.

सहा आठवडे ती राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं, यांचं फ्रेंच जेमतेम. आईची भाषा तिची शाबूत होती. यांची तीस वर्षांत झिजलेली. अडलं की दोघं पिजिनवर, बाजारातल्या खिचडी बोलीवर यायची. मला वाटलं होतं, जुन्या आठवणी काढतील, रडतील. ती दिवसभर भांडायची. एका रविवारी मी जेवायला गेले होते. तिने केळी तळली होती आणि गावाहून आणलेल्या वाळवलेल्या मासळीचं कालवण केलं होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तरी भांडण चालूच.

"काय चाललंय?" मी पांना विचारलं.

"ती म्हणते, आमच्या फ्रेंचांनी निदान रस्ते तरी बांधले. तुमच्या इंग्रजांनी नुसत्या परीक्षा घेतल्या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, आमच्या इंग्रजांनी निदान..."

ते थांबले. घास हातातच राहिला. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू तो शब्द मी उच्चारला होता. बहिणीने त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. त्यांनी सांगितलं. ती हसायला लागली, आणि हसता हसता टेबलाला धरून बसली. पा हसले नाहीत. ताट घेऊन उठले आणि सिंकपाशी जाऊन नळ सोडला. पाठमोरे उभे राहून ते बोलायला लागले, हळूहळू, अडखळत, आईच्या भाषेत. बरंच बोलले. मधे 'व्हिसा' एवढाच शब्द मला कळला. बहिणीचं हसू थांबलं होतं.

त्यांचं बोलणं संपल्यावर ती एकच वाक्य बोलली आणि त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, एक वर्ष घालवलंस." पांनी हात पुसले. "आणि म्हणाली, बाजूला हो, भांडी मी घासते."

जुलैच्या अखेरीला ती गेली. विमानतळावर तिने मला तोच हिवाळी कोट दिला. उन्हाळ्यात इथे किती थंडी असते हे तिने स्वतः पाहिलं होतं, आणि माझ्या अंगावर तर पातळ कार्डिगन.

पा जानेवारीत गेले. डायलिसिसला जायच्या दिवशी सकाळी ते खाली आले नाहीत, म्हणून न्यायला आलेल्या ड्रायव्हरने दार वाजवलं. फॉर्मवर जवळच्या व्यक्तीचा नंबर म्हणून माझा होता. मी ऑफिसातून तशीच गेले. सगळं शांत होतं, सूट खुर्चीवर घडी घालून ठेवलेला.

बहिणीला कळवायला हवं होतं. फ्रेंच येणारं कुणीतरी शोधावं असं मनात आलं, पण दुपारपर्यंत थांबणं बरं वाटेना. फोनपाशी तिचा नंबर होता. मी कॉलिंग कार्ड काढलं, चार-पाच वेळा फिरवल्यावर लागला. पलीकडे कोंबडी ओरडत होती. कुणीतरी मोठ्याने हाक मारली, मग तिचा आवाज आला.

मी म्हटलं, "पा." पुढे मला काही येत नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, "पा," आणि थांबले.

तिला कळलं. मग ती बोलायला लागली. रडत नव्हती, सरळ, सावकाश, एखाद्याला सविस्तर काही समजावून द्यावं तसं बोलत होती. फ्रेंच होतं की आईची भाषा, तेसुद्धा मला ओळखता येईना. मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून कार्ड संपेपर्यंत ऐकत होते आणि मधे मधे हुंकार देत होते. फोन तुटल्यावर माझ्या लक्षात आलं, की इतका वेळ मी तिला मराठीत "हो, हो" म्हणत होते.